मुलांना घेऊन इंग्लंडला आलात? जीसीएसईपासून पदवीपर्यंतची वाट

रेडिंगमधल्या शाळेच्या ऑफिसात मी एक जाड प्लास्टिकची फाइल घेऊन गेले होते. पहिलीपासूनच्या प्रगतिपुस्तकांच्या झेरॉक्स, शाळा सोडल्याचा दाखला, स्कॉलरशिपचं प्रमाणपत्र, सगळं तारखेप्रमाणे लावलेलं. काउंटरपलीकडच्या बाईंनी फाइल उघडलीसुद्धा नाही. मुलीची जन्मतारीख विचारली, घराच्या पत्त्याचा पुरावा बघितला आणि म्हणाल्या, "इयर टेन."

पुण्यात तिची आठवी नुकतीच संपली होती. वयाच्या मानाने इयर टेन म्हणजे आपली नववीच, त्यामुळे वर्ष वाढलं नव्हतं की बुडालं नव्हतं. पण इथल्या बोर्डाच्या परीक्षेचा, म्हणजे जीसीएसईचा, अभ्यासक्रम बहुतेक शाळांत इयर टेनलाच सुरू होतो, आणि त्यासाठीचे विषय आदल्या वर्षी निवडून झालेले असतात. आम्ही पोचलो तेव्हा भूगोलाचा वर्ग भरला होता, कॉम्प्युटर सायन्सचाही. उरलेल्यातून निवडा म्हणाले.

तेव्हापासून नव्याने आलेल्या प्रत्येक घराला मी हेच सांगत आले आहे. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की मग पुढचं बघायचं. इथे पुढचं आधी ठरवावं लागतं, निकाल नंतर येतो. खालच्या पायऱ्या त्या हिशोबाने लावल्या आहेत.

एक खुलासा आधीच करते. हे सगळं इंग्लंडचं आहे. स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी: तिथे नॅशनल फाइव्ह, मग हायर, मग अ‍ॅडव्हान्स्ड हायर, आणि पदवी साधारण चार वर्षांची. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये जीसीएसई आहे, पण तिथे ग्रेड अजून अक्षरांत देतात. नोकरी एडिनबराला लागली असेल तर या लेखातला बराच भाग तुमच्या कामाचा नाही.

पायरी १: मुलाचं "इयर" काढा

३१ ऑगस्टला मुलाची किती वर्षं पूर्ण झाली ते बघा आणि त्यातून ४ वजा करा. दहा पूर्ण असतील तर इयर सिक्स, चौदा पूर्ण असतील तर इयर टेन. चार पूर्ण असतील तर शून्य उरतं, त्या वर्गाला रिसेप्शन म्हणतात. १ सप्टेंबरला जन्मलेलं मूल एक वर्ष मागे राहतं. हुशार आहे म्हणून वर चढवणं किंवा कच्चं आहे म्हणून खाली बसवणं इथे जवळजवळ होतच नाही, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात दिवस घालवू नका.

सरकारी शाळेला फी नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्यांच्या मुलांनाही नाही. आणि "पब्लिक स्कूल" हा शब्द ऐकून फसू नका: ईटन, हॅरो ही पब्लिक स्कूल्स, म्हणजे भरमसाट फीच्या खाजगी शाळा. फुकट असते ती स्टेट स्कूल.

माध्यमिक शाळा इयर सेव्हनला सुरू होते. त्यासाठीचा अर्ज इयर सिक्समध्ये ३१ ऑक्टोबरच्या आत काउन्सिलकडे (इथली स्थानिक पालिका) करायचा, उत्तर १ मार्चला येतं. पहिलीच शाळा असेल तर १५ जानेवारी आणि १६ एप्रिल. वर्षाच्या मध्ये आलात तर "इन-इयर" अर्ज. तो काही ठिकाणी काउन्सिल घेतं, काही ठिकाणी शाळा स्वतः. घर भाड्याने घेण्याआधी काउन्सिलला फोन करून जवळच्या कोणत्या शाळेत त्या इयरची जागा आहे ते विचारा. आम्ही घर आधी घेतलं आणि शाळा मागून शोधली, त्यामुळे मुलगी रोज दोन बस बदलून जायची.

केंट, बकिंगहॅमशर, स्लाऊ, सटन अशा काही भागांत ग्रामर स्कूल्स आहेत. स्टेट स्कूलच, पण प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडणारी. ती परीक्षा, इलेव्हन-प्लस, साधारण इयर सिक्सच्या सप्टेंबरात होते आणि नावनोंदणी त्याआधीच्या उन्हाळ्यात बंद होते. म्हणजे मूल इयर फाइव्हमध्ये असताना जाग यायला हवी. आपल्या मंडळींमध्ये या परीक्षेचं वेड जरा जास्तच आहे, असं माझं मत. आठ वर्षांच्या मुलांना शनिवार-रविवार क्लासला पाठवणारे आईबाप बघितले की लक्ष्मी रोड सोडून आल्यासारखं वाटतच नाही.

पायरी २: विषय, बोर्ड आणि टिअर विचारा

जीसीएसई ही सोळाव्या वर्षी, इयर इलेव्हनच्या मे-जूनमध्ये होणारी परीक्षा. १९८८ पासून ती जुन्या ओ लेव्हल आणि सीएसईच्या जागी आली. आपल्यासारखी "एक दहावी" अशी ती नसते, प्रत्येक विषयाचं स्वतंत्र जीसीएसई असतं. मुलं साधारण आठ ते दहा विषय घेतात. इंग्रजी भाषा, गणित आणि विज्ञान चुकत नाहीत, इंग्रजी साहित्यही बहुतेक सगळीकडे असतंच. बाकीचे तीन-चार विषय इयर एट किंवा नाइनमध्ये निवडायचे, त्याला "ऑप्शन्स" म्हणतात.

शाळेत पहिल्या आठवड्यात हे तीन प्रश्न विचारा.

कोणत्या विषयाला कोणतं बोर्ड? एक्यूए, पिअर्सन एडेक्सेल, ओसीआर आणि एड्युकास अशी चार मुख्य बोर्डं आहेत, आणि एकच शाळा गणिताला एक, इतिहासाला दुसरं असं घेते. बाजारातलं मार्गदर्शक पुस्तक चुकीच्या बोर्डाचं निघालं तर अर्धं वाया. साहित्यात तर एकाच बोर्डातही शाळा वेगवेगळी नाटकं-कादंबऱ्या निवडतात. शेक्सपिअरचं एक नाटक, एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी आणि कविता प्रत्येकाला असतात, पण पुस्तक न बघता लिहायचं असतं. मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलाला गणितापेक्षा हाच पेपर जड जातो. शिकवणी लावायचीच असेल तर इथे लावा. गणितात आपली मुलं बहुधा वर्गाच्या पुढेच असतात.

कोणता टिअर? गणित आणि विज्ञानाचे पेपर दोन पातळ्यांवर असतात. फाउंडेशनला बसलेल्या मुलाला गणितात जास्तीत जास्त ५ ग्रेड मिळते, मग तो सगळं बरोबर सोडवो. ६ ते ९ फक्त हायर टिअरमध्ये. नवीन मुलाला, विशेषतः बोलताना अडखळणाऱ्याला, शाळा कधी कधी खालच्या सेटमध्ये (त्या विषयाच्या कुवतीनुसार पाडलेल्या गटात) बसवून बघते. मनात राग धरू नका, पण पहिल्या चाचणीनंतर भेट मागून विचारा की मूल कोणत्या टिअरच्या वाटेवर आहे. हे इयर इलेव्हनच्या मार्चमध्ये विचारून फारसा उपयोग नाही.

विज्ञान कम्बाइन्ड की ट्रिपल? तिन्ही शास्त्रं एकत्र असलेल्या कम्बाइन्डचे दोन जीसीएसई धरतात, तिन्ही वेगवेगळी असलेल्या ट्रिपलचे तीन. कम्बाइन्ड घेतलं म्हणून डॉक्टर होता येत नाही असं नाही, पण पुढच्या शाळेच्या अटी बघून ठेवा.

जाता जाता: गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू यांचं जीसीएसई आहे. मराठीचं नाही.

पायरी ३: "किती टक्के?" हा प्रश्न विसरा

निकालाच्या दिवशी सांगलीहून आत्याचा फोन आला. "किती पडले गं गणितात?" मी म्हटलं, "आठ." पलीकडे शांतता. मग हळूच, "शंभरपैकी?"

इंग्लंडमध्ये २०१७ पासून ९ ते १ असे आकडे येत गेले. ९ सर्वांत वर. ७ म्हणजे जुन्या "ए"ची खालची रेघ, ४ म्हणजे जुन्या "सी"ची. ४ ला स्टँडर्ड पास म्हणतात, ५ ला स्ट्राँग पास. टक्के कुठेही छापलेले नसतात. कोणत्या ग्रेडला किती गुण लागतील हे पेपर तपासून झाल्यावर ठरतं, त्यामुळे ते दरवर्षी थोडं हलतं. हायर टिअरच्या गणितात एकूण २४० गुणांच्या पाव भागाच्या आसपास मिळाले तरी ४ ग्रेड येते, कारण तो पेपरच कठीण काढलेला असतो. सराव पेपरात पन्नास टक्के बघून घरात सुतक पाळायचं कारण नाही.

इंग्रजी किंवा गणितात ४ आली नाही तर सोळाव्या वर्षानंतरही तो विषय पुढे चालू ठेवावा लागतो. फेरपरीक्षा नोव्हेंबरमध्येही असते. इथे अठरा वर्षांपर्यंत कसलं ना कसलं शिक्षण किंवा प्रशिक्षण घेणं बंधनकारक आहे.

पायरी ४: पेपर कसा तपासतात ते मुलाला दाखवा

हे घरी, फुकटात करता येतं. बोर्डांच्या वेबसाइटवर जुने पेपर असतात आणि त्यांच्याबरोबर "मार्क स्कीम" असते, म्हणजे परीक्षकाला दिलेली गुणांची यादी. एका संध्याकाळी मुलाशेजारी बसून एक पेपर आणि त्याची मार्क स्कीम समोरासमोर ठेवा.

माझ्या मुलीने जीवशास्त्राच्या दोन गुणांच्या प्रश्नाला पाऊण पान लिहिलं होतं, अक्षर सुंदर, खाली पट्टीने रेघ मारलेली. मिळाला एक गुण. मार्क स्कीममध्ये दोनच मुद्दे होते. पहिला तिच्या तिसऱ्या ओळीत होता, दुसरा नव्हताच. प्रश्नात "एक्स्प्लेन" होतं आणि तिने नुसतं वर्णन केलं होतं, कारण दिलं नव्हतं. स्टेट, डिस्क्राइब, एक्स्प्लेन, इव्हॅल्युएट या प्रत्येक क्रियापदाची इथे वेगळी अपेक्षा आहे. "सविस्तर लिहा" ही आपली सवय मोडायला आम्हाला चार महिने लागले. उलट गणितात आपली मुलं पायऱ्या तोंडी करतात आणि नुसतं उत्तर लिहितात. रीतीला वेगळे गुण असतात. उत्तर चुकलं तरी ते मिळतात, पण रीत कागदावर असायला हवी.

उत्तरं प्रश्नपत्रिकेतच, छापलेल्या ओळींवर लिहायची. काळं पेन. पेन्सिल केस पारदर्शक, पाण्याच्या बाटलीवर लेबल नको. मनगटी घड्याळ चालत नाही, साधंसुद्धा. भिंतीवर मोठं घड्याळ असतं. मोबाइल खिशात सापडला तर बंद असला तरी प्रकरण होतं, पेपर रद्दही होऊ शकतो. मुलाला वाचनाची किंवा लिहिण्याची खरी अडचण असेल तर जास्तीचा वेळ मिळू शकतो, पण त्याची तपासणी आणि अर्ज शाळेला कितीतरी आधी करावा लागतो.

इयर इलेव्हनच्या हिवाळ्यातल्या "मॉक"ना आपण पूर्वपरीक्षा समजतो आणि सोडून देतो. तसं करू नका. पुढच्या प्रवेशासाठी शाळा जो अंदाज कळवते तो बराचसा त्यावरच बेततो.

पायरी ५: सोळाव्या वर्षी तीनच विषय

इयर ट्वेल्व्ह आणि थर्टीन म्हणजे सिक्स्थ फॉर्म. इथे बहुतेक मुलं ए लेव्हलचे, म्हणजे जीसीएसईनंतरच्या परीक्षेचे, फक्त तीन विषय घेतात. तीन! भौतिक, रसायन, जीव, गणित, इंग्रजी आणि वर एखादी भाषा अशी आपली बारावी डोक्यात असलेल्याला हे चुकून छापल्यासारखं वाटतं. पण खोली फार आहे, आणि आता गुण दोन वर्षांच्या शेवटच्या पेपरांवरच ठरतात.

म्हणूनच ही निवड उलटीकडून करा. ज्या अभ्यासक्रमाला जायचं असेल त्याच्या पाच विद्यापीठांची प्रवेशाची पानं उघडा आणि कोणते विषय हवेत ते वाचा. इंजिनिअरिंगला गणित आणि बहुधा भौतिकशास्त्र. मेडिकलला बहुतेक ठिकाणी रसायनशास्त्र, सोबत बऱ्याचदा जीवशास्त्र. अर्थशास्त्राला नावाजलेल्या ठिकाणी गणित लागतंच, आणि हे माहीत नसल्याने दार बंद झालेली मुलं मी पाहिली आहेत. काय करायचं ते ठरलं नसेल तर गणित सोडू नका, एवढं माझं म्हणणं.

ए लेव्हल हा एकच रस्ता नाही. बीटेक नावाचे व्यवसायाभिमुख कोर्स आहेत (आपल्या बी.टेक.शी काही संबंध नाही, आजीला आधीच सांगून ठेवा), २०२० पासून टी लेव्हल नावाचे तांत्रिक कोर्स आहेत, अ‍ॅप्रेंटिसशिप आहे. डिग्री अ‍ॅप्रेंटिसशिपमध्ये पगार घेत पदवी मिळते आणि फी भरावी लागत नाही. जागा कमी आणि स्पर्धा तगडी, शिवाय वास्तव्याच्या अटी असतात.

दहावी महाराष्ट्रात करून आलेल्या मुलाला सिक्स्थ फॉर्म घेऊ शकतो, पण तो निर्णय त्या त्या शाळेचा. गुणपत्रिकेची तुलना कागदावर हवी असेल तर यूके एनिककडून दाखला मिळतो. इंग्रजी-गणिताचं जीसीएसई शेजारी करायला सांगतील, तयारी ठेवा.

पायरी ६: यूकॅस

विद्यापीठाचे अर्ज एकाच ठिकाणी, यूकॅसवर करायचे. जास्तीत जास्त पाच पर्याय. मेडिकल, डेंटल, व्हेटर्नरीचे चारच. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि या तीन शाखांचा अर्ज इयर थर्टीनच्या १५ ऑक्टोबरपर्यंत, बाकीचे जानेवारीपर्यंत. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही.

निकाल लागायच्या आधीच हा अर्ज जातो, म्हणून शिक्षक "प्रेडिक्टेड ग्रेड" देतात. त्यावर विद्यापीठ अटीची ऑफर देतं, समजा एएबी, म्हणजे ए लेव्हलच्या तीन विषयांत ए, ए आणि बी (ए लेव्हलला ग्रेड अक्षरांतच असतात). आलेल्या ऑफरपैकी एक "फर्म" (पहिली पसंती) आणि एक "इन्शुरन्स" (ती हुकली तर हाताशी असलेली) ठेवायची. आमच्या मित्राच्या मुलाने दोन्ही एएबीच्याच ठेवल्या, कारण दोन्ही ठिकाणं त्याला आवडली होती. निकाल एबीबी आला, दोन्ही हातची गेली. ऑगस्टमधल्या त्या गुरुवारी दिवसभर फोन लावून "क्लिअरिंग"मधून, म्हणजे उरलेल्या जागांच्या फेरीतून, जागा मिळवली. इन्शुरन्स ही खालच्या अटीचीच हवी, नाहीतर तिला त्या नावाने ठेवून काय उपयोग?

पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जातलं मुलाचं स्वतःचं निवेदन, आता तीन प्रश्नांच्या उत्तरांत लिहायचं असतं, मिळून ४००० अक्षरं, आणि तेच पाचही ठिकाणी जातं. त्यात विषयाबद्दल लिहा. दहीहंडीच्या थरात उभं राहून टीमवर्क शिकलो, ही ओळ खोडा.

पायरी ७: फी "होम" की "ओव्हरसीज"

क्रमाने ही पायरी सातवी असली तरी वाचल्याबरोबर आजच कामाला लागायची गोष्ट ही आहे. २०२५-२६ साली इंग्लंडमध्ये होम विद्यार्थ्याची फी वर्षाला जास्तीत जास्त ९,५३५ पौंड. ओव्हरसीज फी त्याच्या दुपटी-तिपटीने किंवा त्याहून वर जाते, आणि सरकारी कर्जही मिळत नाही. शाळा फुकट होती म्हणून विद्यापीठही होम फीवरच होईल, असं धरून बसलेली कितीतरी घरं आहेत.

वर्क व्हिसावरच्या घरांना लागू पडणारा मुख्य नियम असा: कोर्सच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी मुलाकडे इंडेफिनिट लीव्ह (कायमच्या वास्तव्याची परवानगी) किंवा नागरिकत्व हवं, आणि त्याआधीची तीन वर्षं इथलं नेहमीचं वास्तव्य हवं. शरद ऋतूत सुरू होणाऱ्या कोर्ससाठी तो दिवस १ सप्टेंबर धरतात, वर्ग सप्टेंबरअखेर भरत असले तरी. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलीचा कागद १९ सप्टेंबरला आला. पहिलं लेक्चर २९ तारखेला होतं, तरी तिची गणना ओव्हरसीजमध्ये झाली. शेवटी तिने एक वर्ष थांबून पुढच्या सप्टेंबरात प्रवेश घेतला. इथे गॅप इयरला कुणी नावं ठेवत नाही, हे तेवढं बरं.

लहानपणीच आलेल्या मुलांसाठी आणखी एक वाट आहे: अठराच्या आत असेल तर सलग सात वर्षं, अठरा पूर्ण असेल तर निम्मं आयुष्य इथे गेलेलं असणं, सोबत तीन वर्षांचं कायदेशीर वास्तव्य. कायमच्या वास्तव्याचे नियम बदलत असतात, म्हणून वकिलाला विचारताना स्वतःच्या नव्हे, मुलाच्या तारखेवर बोट ठेवून विचारा.

कर्ज मिळालं तर त्याची परतफेड आपल्या शैक्षणिक कर्जासारखी नसते. २०२३ पासून सुरू केलेल्यांना २५,००० पौंडांच्या वरच्या कमाईवर ९ टक्के कापले जातात, आणि चाळीस वर्षांनी उरलेलं माफ होतं.

पायरी ८: पदवी

बीए, बीएस्सी तीन वर्षांची, मधे नोकरीचं प्लेसमेंट वर्ष घेतलं तर चार. पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी नुसतं पास व्हायचं असतं, अंतिम वर्गात ते धरत नाहीत. ७० च्या वर फर्स्ट, ६० ते ६९ टू-वन, ५० ते ५९ टू-टू, ४० पासून थर्ड. इथे ७२ म्हणजे पेढे वाटायची गोष्ट. नव्वदी पार करणं निबंधाच्या विषयांत जवळजवळ कुणाला जमत नाही. बऱ्याच नोकऱ्यांच्या जाहिरातींत टू-वन मागितलेला असतो, तेव्हा खरी रेघ ती.

मास्टर्स साधारण एक वर्षाचं. ते भारतात चालतं का, हा प्रश्न पूर्वी फार छळायचा. जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांत पदव्यांना परस्पर मान्यता देण्याचा करार झाला, पण इंजिनिअरिंग, मेडिकल, कायदा, आर्किटेक्चर, फार्मसी अशा व्यावसायिक पदव्या त्यात नाहीत. मूल परत जाऊन प्रॅक्टिस करायचं म्हणत असेल तर त्या त्या व्यवसायाच्या भारतातल्या कौन्सिलचे नियम प्रवेशाआधी वाचा.

आणि एक बारीकसं काम. ऑगस्टमध्ये शाळा देते ती नुसती निकालाची चिठ्ठी. जीसीएसईची खरी प्रमाणपत्रं हिवाळ्यात येतात, आणि मूल दुसरीकडे शिकायला गेलं असेल तर ती जुन्या शाळेच्या कपाटात पडून राहतात. वर्षभरानंतर शाळेला ती सांभाळायचं बंधन नसतं. मग बोर्डाकडून पैसे भरून नवा कागद काढावा लागतो, तोही बोर्ड चार असतील तर चार ठिकाणांहून. डिसेंबरात एक दिवस काढून ती घेऊन या. पुण्याहून आणलेली माझी फाइल शेवटी त्याच कामाला आली.